मी कोर्टात दिलेली साक्ष

आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यातला एकही माणूस खरं मानणार नाही. मानूही नका. फक्त हात थांबवू नका. आभाळ भरून आलंय, आणि हा एवढा रतांब्यांचा, कोकमाच्या फळांचा ढीग आज फोडून, बिया काढून, सालं मिठात पडली नाहीत तर उद्यापर्यंत सगळं कुजणार. मग वर्षभर सोलकढीत काय माझं डोकं पिळणार? तर फोडा, आणि ऐका.

बघा, हा हरिश्चंद्र सुरुवातीलाच हसला.

"आबा, खोटाच सांगतलात मां? बरा. खरा आमका सगळ्यांका म्हायत आसा."

ऐकलंत? नाव हरिश्चंद्र, आणि मागतोय खोटं! हस मेल्या. पण बोट सांभाळ, रतांब्याच्या रसात तुझं रक्त पडलं तरी कळायचं नाही.

तर मी गंगाराम, वय वर्षं बहात्तर, मालवणच्या कोर्टात उभा राहिलो आणि शपथेवर साक्ष दिली. कोणासाठी? त्या वईपलीकडच्या, कुंपणापलीकडच्या प्राजक्तासाठी. कोणाविरुद्ध? तिच्या घोवाविरुद्ध, चंदनविरुद्ध. माझी बायको राधाबाई मागीलदारी सालांना मीठ लावत बसली आहे, तिला विचारा हवं तर. नको, तिला विचारू नका. सत्तेचाळीस वर्षांत तिने माझ्या गजालीत, गप्पांत एकदाही तोंड घातलेलं नाही. आज कशाला नवी सवय लावा?

चंदन तुम्हांला माहीत आहे. तारकर्लीला त्याची बोट. पर्यटकांना समुद्रात नेतो, डॉल्फिन दाखवतो. बोलायला असा गोड, की डॉल्फिन लोकांना दिसावेत म्हणून येत नाहीत, चंदन काय बोलतो ते ऐकायला येतात. एकाने तर जाताना त्याला शेपूट हलवून टाटा केलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. बायकामाणसं बोटीत चढायला लागली की हा गुडघाभर पाण्यात उभा. हात पुढे करायचा नि म्हणायचा, "सावकाश मॅडम, पाय सरकेल." मुंबई-पुण्याला त्याचं नाव घेतात म्हणे. तिकडून माणसं फोन करतात, आम्हाला चंदनचीच बोट पाहिजे.

तोच हात घरी आल्यावर प्राजक्तावर पडायचा.

कशासाठी, असं तुम्ही विचाराल. कारण लागतं कुठे? कधी आमटी पातळ झाली म्हणून. कधी फोन दोनदा वाजला नि हिने उचलला नाही म्हणून. उधाण असलं, बोट किनाऱ्याला ओढून ठेवली असली की जास्त. त्याची म्हातारी पडवीत वाती वळत बसायची आणि मार सुरू झाला की उठून टीव्हीचा आवाज वाढवायची. आम्ही सगळे इकडे आपापल्या घरात. मालिकेतली सून मोठ्याने रडायला लागली की आम्हाला कळायचं, खरीला मार पडतोय.

आणि आम्ही काय करायचो? मान खाली का घातलीस हरिश्चंद्रा? सांग की. आम्ही म्हणायचो, "नवरा-बायकोचा आसा ता. मधी कोणी पडाचा?" हे बोलणं मीही बोललोय. एकदा नाही, पुष्कळदा.

प्राजक्ता कणकवलीच्या वरच्या अंगाची. भातशेतीवाली माणसं. बापूस वारला, भाऊ म्हणाला, "चार दिवस ऱ्हव, मगे जा." चार दिवस झाल्यावर त्यानेच एसटीत बसवून दिली. अशी ती दोनदा गेली, दोनदा आली. तिसऱ्या वेळी गेलीच नाही.

तिच्याकडे माणूस म्हणून बघितलं ते जॅनेट टीचरने. चर्चजवळची जॅनेट, शाळेतून रिटायर झालेली. तिने प्राजक्ताच्या मुलीला, अक्षयाला, शिकवलंय. अक्षयाने चित्राच्या वहीत घर काढलं नि त्याला दारच काढलं नाही. टीचरने विचारलं, "बाय, दार खंय गो?" पोर म्हणाली, "दार नको. दारातून पप्पा येतत."

संध्याकाळी टीचर छत्री घेऊन थेट प्राजक्ताच्या दारात. चंदन बोटीवर होता. मी वईला कुडाचे खुंटे मारत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. माझे कान असे आहेत की खाडीत कुर्लीने कूस बदलली तरी मी जागा होतो.

"प्राजक्ता, ह्याका कायदो आसा गो," टीचर म्हणाली. "घोव मारता तेका कायदो आसा."

"टीचर, घर तेंच्या नावार आसा. कंप्लेट केली तर माका भायर काढतले."

"काढूक येणा नाय! तां घर कोणाच्यापण नावार असांदे. तू थय संसार केलंस ना? मगे थय ऱ्हवाचो तुका हक्क आसा. मारूक मनाई, म्हणान कोर्ट हुकूम देता. तुका नि चेडवाक पोटगी देवक लायता. ओरोसाक संरक्षण अधिकारी बसतत, थय अर्ज देवचो. वकील सरकार देता, फुकट. आणि हात तोडूचो तेच्याआधी जावचा, मागना नाय."

हे शेवटचं वाक्य टीचरने बोलायला नको होतं. का ते सांगतो.

तर दोघी ओरोसला गेल्या. त्या दिवशीच्या एसटीचं काय सांगू! रस्त्याला असे खड्डे, की कंडक्टरने मालवणात दिलेली तिकिटं लोकांच्या खिशातून उडून ड्रायव्हरच्या खिशात गेली. पण पोचल्या. तिथल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, नीट, एकेक तारीख विचारून. चहासुद्धा दिला. प्राजक्ता टीचरला म्हणाली, "माका आजपर्यंत कोणी 'कधी' म्हणान विचारल्यानी नाय. सगळे 'कित्याक' म्हणानच विचारतत."

मग चंदनला नोटीस आली. आणि गाव जागा झाला.

इतकी वर्षं मार पडत होता तेव्हा गाव झोपलेला. कागद आला तसा जागा झाला! आमचे मानकरी सत्यवान, त्यांनी बैठक बोलावली. "कोर्टात कशाक? आमचो देव आसा. देवाक कौल लावया. देव सांगात तसा."

आता तुम्हांला कौल काय ते सांगायला नको, पण त्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्याला माहीत नसेल. देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवतात, डाव्या-उजव्या. मग गाऱ्हाणं घालायचं, देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आणि गावचं गाऱ्हाणं कोण घालतो? मी. तीस वर्षं. माझा आवाज असा की इथे गाऱ्हाणं घातलं तर कुणकेश्वरचा महादेव म्हणतो, अरे, मला कोणी हाक मारली?

सकाळची वेळ. सगळा गाव देवळात. एका बाजूला चंदन धुतलेला शर्ट घालून, त्याची म्हातारी डोळे पुसतेय. दुसऱ्या बाजूला प्राजक्ता एकटी. टीचर आली नाही, तिचा धर्म वेगळा, तिने म्हटलं माझं तिथे काम नाही.

मी उभा राहिलो. नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची वाट वाकडी झाली हा, ती सरळ कर म्हाराजा! सुनेन घरात नांदाचा, कागद मागे घेवचो, असा तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि पाकळी पडली. उजवी.

लोक घंटा वाजवायला धावले. चंदनने लोटांगण घातलं. प्राजक्ता पाकळीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

देवाला दोष देऊ नका. देव विचारलं तेवढं सांगतो. सुनेने नांदावं का, हे विचारलं, त्याने होय म्हटलं. मार थांबेल का, हे विचारलंच नाही. सत्यवानाने नाही, चंदनने नाही. आणि शब्द तर माझ्या तोंडात होते. एक ओळ जास्त घातली असती तर कोण मला अडवणार होतं? नारळ माझ्या हातात होता. मी नाही घातली.

प्राजक्ताने अर्ज मागे घेतला. त्यानंतर बाविसाव्या दिवशी चंदनने तिचा हात मोडला.

दुपारची जेवणं झालेली. मी वईकडे होतो. चंदनच्या मागीलदारी माडाच्या पिढ्यांचा ढीग होता, झावळीचे ते जाड देठ, चुलीत घालायला वाळत टाकलेले. त्यातला एक त्याच्या हातात होता. मी कुडातून बघितलं. आणि मी काय केलं सांगू?

मी खोकलो.

मोठ्याने खोकलो. दोनदा. म्हणजे त्याला कळावं की इथे माणूस आहे. गावात आपण हेच करतो ना? शिव्या देत नाही, धावत नाही, खोकतो. पिढा तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा मी घरात गेलो.

"आबा, पुढचा सांगा," हरिश्चंद्र म्हणतोय. बरोबर आहे तुझं. रतांबे राहिलेत.

तर हात प्लास्टरात, आणि टीचर पुन्हा तिला घेऊन ओरोसला. पुन्हा अर्ज. पण आता खेळ बदलला. आता गाव म्हणतो, हिने देवाचा कौल मोडला. सुनेने नांदायचं असं देवाने सांगितलं होतं, ही कोर्टात गेली. पाण्यावर बायका तिच्याशी बोलेनात. तिच्या बाजूने साक्ष द्यायची म्हणजे देवाच्या विरुद्ध साक्ष द्यायची, असा हिशेब झाला. कोर्टात चंदनचा वकील म्हणणार, बाई विहिरीवर घसरून पडली. म्हातारी सांगणार, होय, घसरून पडली. मग प्राजक्ताचं कोण?

एका संध्याकाळी ती याच खळ्यात आली. बसली नाही.

"आबा, साक्षीची तारीख लागली."

"हां."

"तुमी वईच्या अल्याड होतास. तुमी खोकलास, तो माका ऐकाक इलो."

मी वाकून खळ्यातला पाला वेचायला लागलो.

"दोनदा खोकलास," ती म्हणाली. "माका वाटला, आता येतले. तुमी येशात कोर्टात? एकटे तुमीच बघलास."

मी म्हटलं, "येतलंय."

दुसऱ्या दिवशी सत्यवान दारात. सुपारी कातरत म्हणतो, "गंगाराम, गाऱ्हाणां तू घातलंस. देवान कौल दिलो. आता तूच कोर्टात जावन देवाक खोटो पाडतलंस? बघ हां. मगे गाऱ्हाणां दुसरो कोणतरी घालीत."

मी काय उत्तर दिलं ते ऐका आता. मी म्हटलं, "सत्यवाना, देव माझ्याशी बोलता तो माझ्या आवाजामुळे, तुझ्या सुपारीमुळे नाय!" सत्यवानाच्या हातातला अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला. तीन दिवस मिटेना. लोहाराकडे न्यावा लागला. हसताय काय? विचारा लोहाराला. वारला तो, पण विचारा.

आणि तारखेचा दिवस उजाडला. मी कडक इस्त्रीचं धोतर नेसलो. कोर्टात शिरलो, तसा डोक्यावरचा पंखा थांबला, आधी माझं ऐकावं म्हणून. जजसाहेब केवढे! अशा मिशा, की एका टोकाला शिपाई टोपी अडकवून गेला. मला म्हणाले, "गंगाराम, तुमच्या गाऱ्हाण्याचा आवाज माझ्या बंगल्यापर्यंत येतो."

मग मी सांगितलं. पिढा, हात, वार किती, सगळं. चंदनचा वकील उभा राहिला, प्रश्नावर प्रश्न. मी एकेक परतवला. त्याला असा घाम फुटला की कोट पिळून शिपायाने बाहेरच्या तुळशीला पाणी घातलं. ती तुळस आता माझ्या कमरेएवढी झाली आहे.

आणि निकाल? निकाल तुम्हांला माहीतच आहे. हुकूम झाला. चंदनने तिच्या अंगाला हात लावायचा नाही. घराच्या दोन खोल्या तिच्या नि मुलीच्या, तिथून तिला कोणी हलवायचं नाही. दर महिन्याला दोघींची पोटगी. आता ती त्या मागच्या दोन खोल्यांत राहते, तारकर्लीला एका लॉजमध्ये जेवण करायला जाते. सासू तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवते. जत्रेला तिला कोणी नावाने हाक मारली नाही. आणि हात जुळला तो वाकडाच जुळला, कोपरात सरळ होत नाही. भाकरी थापताना डावा हात थापतो, उजवा नुसता फिरवतो. टीचर म्हणाली होती ना, आधी जायला हवं म्हणून. आधी गेलीच होती ती. आम्ही परत आणली.

हात का थांबले सगळ्यांचे? अरे, जिंकली ती! हरिश्चंद्रा, विचार की कायतरी.

"आबा, तो वकील शेवटाक काय म्हणालो? ती वरडण्याची गजाल सांगा."

हां! ती राहिलीच. वकिलाने शेवटचा डाव टाकला. म्हणाला, "आजोबा, भर दुपारी बाईचा हात मोडतो. आजूबाजूला एवढी घरं. कोणालाही ओरडणं ऐकू आलं नाही. मग मार कसला?" सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही? वकीलसाहेब, ती अशी ओरडली, अशी ओरडली, की माडावरचे नारळ खाली पडले! सतरा नारळ! मी स्वतः गोळा केले, मोजले, आणि त्यातल्या दोघांना कोंब..."

"ती वरडूक नाय."

कोण? राधा? तू मागीलदारी होतीस ना?

"ती वरडूक नाय. आणि तुमी थय जावकच नाय."

अगो, गजाल आहे ही, माणसं हसतायत...

"हसतत, म्हणान मी गप ऱ्हवलंय. कोण गेल्ला ता हेंका सगळ्यांका म्हायत आसा. तुमी कोर्टात गेलास म्हणान सांगा, वकिलाक भिजयलास म्हणान सांगा, माझा काय जाणा नाय. पण तिका वरडवू नकात."

राधा, मीठ तसंच राहील...

"ऱ्हवांदे. त्या दिसा सकाळी नव वाजता तुमी डोक्यार चादर घेवन निजलात. कंबार धरली म्हणालास. प्राजक्ता हय हुबी, हय, हरिश्चंद्र बसलोहा थय, वाकडो हात घेवन. 'आबा खंय?' म्हणान विचारल्यान. माका सांगूक लाज वाटली. बस चुकात म्हणान मीच पायात चपलां घातलंय. तुमी खोकलास तेवा मीपण मागीलदारी होतंय, भांडी घाशीत. तुमका मी दिसाक नाय. माकापण सगळा दिसत होता.

"आणि जजसायबाक मिशी खंय आसा? बाई ती. माझ्या चेडवाच्या वयाची. मी घरी इलंय, तेवा 'काय झाला' म्हणान तुमी एकदा विचारलास? आजून विचारूक नाय.

"तर ऐका आता. वकिलान तसाच विचारल्यान, ती ओरडली नाही तर मार कसा? मी म्हटलंय, बाबा, मार खाताना वरडत नाय. तोंडात टॉवेलाचो बोळो घालतत. चेडू भियात म्हणान. शेजारी ऐकतीत म्हणान. तिच्या तोंडात टॉवेल होतो, मी बघलंय. तेवा तो म्हणता, 'आजी, बायका असं करतात हे तुम्हाला कसं माहीत?'

"मी म्हटलंय, माका म्हायत आसा. मी पदर घालीत होतंय.

"तो खाली बसलो. त्या बाईन सगळा लिवन घेतल्यान, नि माका बसाक खुर्ची देवक लायल्यान. तुमचा नाव कोणी विचारूक नाय, मी सांगूक नाय.

"ह्या घर तुमचा आसा. बाग तुमची. गाऱ्हाणां पण अजून तुमीच घालतास. मी थय उबी ऱ्हवान बोललंय, तेवडा माझा आसा. तां तरी माका ऱ्हवांदेत."